पहिला गेमिंग संगणक : सुटे भाग एकमेकांशी जुळतात ना?

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत संगणकाचा विषय निघतो. अभ्यास आणि प्रकल्प यांसाठी संगणक हवा असतोच. त्यावर खेळही नीट चालावेत, ही मुलांची अपेक्षा असते. गेमिंग लॅपटॉपच्या किमती पाहिल्यावर सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेण्याचा पर्याय समोर येतो. पर्याय चांगला आहे. त्याच रकमेत अधिक क्षमता मिळते आणि पुढे एखादाच भाग बदलून यंत्राचे आयुष्य वाढवता येते. मात्र येथे सात-आठ कंपन्यांचे भाग एकत्र येतात आणि ते एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर पडते. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उत्तम असूनही संगणक सुरूच न होणे, किंवा सुरू होऊन निम्म्या ताकदीने चालणे, हे सहज घडू शकते. खोके उघडलेला माल परत घेण्यास विक्रेते सहसा राजी नसतात. म्हणून ही जुळवाजुळव पैसे देण्यापूर्वी कागदावरच व्हायला हवी.

सुरुवात पडद्यापासून

बहुतेक जण प्रथम प्रोसेसर निवडतात आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवतात. हा क्रम उलटा आहे. कोणते खेळ खेळायचे आणि कोणत्या पडद्यावर, हे आधी ठरवावे. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा, म्हणजे फुल एचडी, हे मर्यादित रकमेत घेतलेल्या संगणकाचे योग्य लक्ष्य होय. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत दर सेकंदाला अधिक चित्रे हवी असतात. तेथे १४४ किंवा १६५ हर्ट्झचा पडदा उपयोगी पडतो आणि प्रोसेसरवर भार अधिक येतो. विस्तीर्ण जग दाखवणाऱ्या कथाप्रधान खेळांत भार मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर येतो. तेथे ६० किंवा ७५ हर्ट्झचा पडदाही पुरतो.

पडदा ठरला की ग्राफिक्स कार्ड, त्याला साजेसा प्रोसेसर, त्या प्रोसेसरला बसणारा मदरबोर्ड, मदरबोर्डला चालणारी रॅम, या सर्वांना पुरेशी वीज देणारा एसएमपीएस आणि शेवटी सारे मावेल असे कॅबिनेट, या क्रमाने पुढे जावे. मॉनिटर आणि कीबोर्ड वगळता उरलेल्या रकमेतील ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डावर खर्च व्हावी, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवला तर तोल सहसा बिघडत नाही.

सॉकेट : पहिली गाठ

प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या जागी बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट जुळले नाही तर पुढचे सर्व व्यर्थ ठरते. एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसर २०१७ पासून 'एएम४' सॉकेटवर बसत होते. २०२२ साली 'एएम५' आले. इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी 'एलजीए १७००' सॉकेटवर बसते. दहावी आणि अकरावी पिढी 'एलजीए १२००'वर. तर २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या डेस्कटॉपच्या 'कोअर अल्ट्रा २००' मालिकेला 'एलजीए १८५१' लागते. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. बळजबरी केल्यास पिना वाकतात आणि वाकलेल्या पिनांना वॉरंटीचे संरक्षण मिळत नाही.

एएम४ स्वस्त पडते, पण तो आता सरता मार्ग आहे. एएम५ थोडे महाग पडते, परंतु या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत पाठबळ देण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे. तीन-चार वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून संगणक ताजा करण्याचा विचार असेल, तर हा फरक मोलाचा ठरतो. सध्याच एकदा संगणक घ्यायचा आणि पुढे फक्त कार्ड बदलायचे, असा बेत असेल तर एएम४ आजही पुरेसे आहे.

प्रोसेसरच्या नावातील शेवटचे अक्षरही वाचावे. इंटेलच्या नावात 'एफ' असल्यास, उदाहरणार्थ कोअर आय५-१२४००एफ, त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भाग नसतो. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही तो नाही. अशा प्रोसेसरसोबत ग्राफिक्स कार्ड नसेल, तर संगणक चालू होऊनही पडदा काळाच राहील. कार्ड काही महिन्यांनी घ्यायचे असेल, तर रायझन ५ ५६००जी हा पर्याय आहे. त्याच्या अंगभूत ग्राफिक्सवर हलके खेळ चालतात. त्याची किंमत मात्र पुढे मोजावी लागते : ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश मेमरी आहे, ५६००जी मध्ये १६ एमबी, शिवाय ५६००जी हा पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या आवृत्तीऐवजी तिसऱ्याच आवृत्तीवर चालतो.

'आय७' या नावाची भुरळ

'आय७ गेमिंग संगणक, अगदी स्वल्प दरात' अशा जाहिराती सर्रास दिसतात. त्यांत पिढीचा उल्लेख नसतो. आत बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचा प्रोसेसर असतो. आय७-३७७० हा २०१२ चा, तर आय७-४७७० हा २०१३ चा. दोघांनाही डीडीआर३ रॅम लागते आणि दोघेही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ साठीच्या अधिकृत यादीत नाहीत. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. 'व्हॅलोरंट'सारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट यांशिवाय चालत नाही. चार गाभ्यांचा साधा आय३-१२१००एफ हा त्या जुन्या आय७ पेक्षा खेळांत सरस ठरतो. म्हणून 'आय३ की आय७' यापेक्षा 'कोणती पिढी' हा प्रश्न आधी विचारावा. आय३-१२१००एफ मधील पाच आकड्यांपैकी पहिले दोन आकडे पिढी सांगतात. जुन्या चार आकडी नावांत पहिला एकच आकडा पिढीचा असतो.

मदरबोर्ड : सॉकेट जुळले तरी प्रश्न उरतो

सॉकेट तेच असूनही प्रोसेसर ओळखला न जाणे, ही नवख्यांची नेहमीची अडचण असते. मदरबोर्डवर बायोस नावाची मूलभूत आज्ञावली असते; तिला नव्या प्रोसेसरची ओळख असावी लागते. बी४५० हा चिपसेट २०१८ चा. त्याच्या बोर्डावर २०२० नंतरचे रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर चालतात, पण बायोस अद्ययावत असेल तरच. त्याचप्रमाणे इंटेलच्या ६०० मालिकेतील बोर्डांना तेराव्या-चौदाव्या पिढीसाठी नवा बायोस लागतो. दुकानात बराच काळ पडून राहिलेला बोर्ड जुन्या बायोससह येऊ शकतो. 'बायोस फ्लॅशबॅक'ची सोय असलेल्या बोर्डावर प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून तो बदलता येतो. ती सोय नसेल तर विक्रेत्याकडूनच हे काम करून घ्यावे.

प्रत्येक उत्पादक आपल्या संकेतस्थळावर त्या-त्या मदरबोर्डवर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देतो आणि कोणत्या बायोस आवृत्तीपासून ते चालतात, हेही नोंदवतो. बोर्डाचे पूर्ण नाव घेऊन ती यादी पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

सर्वांत स्वस्त बोर्ड घेताना काय गमावतो, तेही पाहावे. इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या बोर्डावर सहसा रॅमच्या दोनच जागा असतात. एएमडीच्या ए५२० वर ग्राफिक्स कार्डाला पीसीआय एक्स्प्रेसची तिसरीच आवृत्ती मिळते. बी५५० वर चौथी मिळते. मर्यादित रकमेत हा फरक कधी नगण्य असतो, तर कधी निर्णायक. तो केव्हा निर्णायक ठरतो, हे कार्डावर अवलंबून असते.

रॅम : नाव सारखे, खाच वेगळी

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, परंतु त्यांची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही. एएम४ वर केवळ डीडीआर४ चालते, एएम५ वर केवळ डीडीआर५. एलजीए १७०० सॉकेटच्या बाबतीत गोंधळ होतो, कारण त्याचे काही बोर्ड डीडीआर४ चे, तर काही डीडीआर५ चे असतात. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या असू शकतात आणि त्यांतील डीडीआर४ च्या आवृत्तीपुढे बहुधा 'डी४' एवढेच लिहिलेले असते. लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपमध्ये बसत नाही, हेही लक्षात असावे.

१६ जीबी हवी असेल तर १६ ची एक पट्टी घेण्याऐवजी ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी मेमरीशी बोलतो. अंगभूत ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तर याचा मोठा लाभ होतो, कारण ते ग्राफिक्स याच मेमरीवर जगते. चार जागांच्या बोर्डावर या पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या जागी बसवायच्या असतात. ३२०० वेगाची पट्टी घेतली तरी पहिल्यांदा ती अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालते. बायोसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' किंवा डीडीआर५ साठी 'एक्स्पो' ही मांडणी चालू केल्यावरच पूर्ण वेग मिळतो. हे एक बटण न दाबल्यामुळे वर्षानुवर्षे कमी वेगाने चालणारे संगणक पुष्कळ असतात.

ग्राफिक्स कार्ड : मार्गिका, मेमरी आणि नावाचा फसवेपणा

कार्ड मदरबोर्डशी जितक्या मार्गिकांनी जोडले जाते, तितकी माहितीची ये-जा होते. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला चारच मार्गिका आणि ४ जीबी मेमरी आहे. चौथ्या आवृत्तीच्या बोर्डावर ते बरे चालते. तिसऱ्या आवृत्तीच्या बोर्डावर, म्हणजे ए५२० किंवा बी४५० वर, त्या चार मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि खेळ अडखळू लागतात. आरएक्स ६६०० ला आठ मार्गिका आणि ८ जीबी मेमरी असल्यामुळे तेथे इतका फटका बसत नाही. स्वस्त कार्ड आणि स्वस्त बोर्ड एकत्र आले की तोटा दुप्पट होतो, तो असा.

नाव एकच आणि वस्तू वेगळी, हा प्रकारही येथे आहे. जीफोर्स आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी मेमरीसह २०२२ मध्ये आले. ते १३० वॅट वीज घेते. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीची आवृत्ती आली. ती ७० वॅटच घेते, तिला स्वतंत्र वीजजोड लागत नाही, पण तिची क्षमताही कमी आहे. जुन्या, कमी शक्तीच्या एसएमपीएसवर बसवायला ती सोयीची; नवा संगणक जोडताना मात्र आपण कोणत्या आवृत्तीचे पैसे देत आहोत, हे बिलावर पाहावे. इंटेलची आर्क कार्डे घ्यायची असतील तर मदरबोर्डवर 'रिसायझेबल बार' ही सोय असून ती चालू आहे ना, हे तपासावे. तिच्याविना त्यांची गती लक्षणीय घसरते.

संगणक जोडून झाल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या जोडात लावावी, मदरबोर्डच्या नव्हे. तेथे चूक झाली तर महागडे कार्ड आत नुसते बसून राहते.

एसएमपीएस : जेथे काटकसर नको

विजेचा पुरवठा करणारा हा डबा खेळाची गती वाढवत नाही. म्हणून कात्री प्रथम त्यालाच लागते. परंतु तो बिघडला तर एकटा जात नाही, सोबत मदरबोर्ड आणि कार्ड घेऊन जाऊ शकतो. स्वस्त कॅबिनेटसोबत 'फुकट' येणारा एसएमपीएस गेमिंग संगणकासाठी वापरू नये.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलेले असले तरी बाजूचा तक्ता वाचावा. प्रोसेसर आणि कार्ड १२ व्होल्टवर चालतात. तक्त्यात १२ व्होल्टखाली ४१ अँपिअर असतील, तर १२ गुणिले ४१ म्हणजे ४९२ वॅट. तो डबा बोलतो तसा वागतो. तेथे २५ अँपिअर असतील, तर उपयोगाची शक्ती ३०० वॅटच आहे. 'एटी प्लस' हे चिन्ह वीज किती वाया जात नाही, एवढेच सांगते. आतील भागांच्या दर्जाची हमी ते देत नाही.

जोडांचे गणितही साधे आहे. मदरबोर्डच्या लांब स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळू शकतात, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५०. आपल्या कार्डाला लागणारे जोड एसएमपीएसवर मुळातच असावेत. प्रोसेसरसाठीचा आठ पिनांचा जोड चार अधिक चार असा फुटतो, कार्डाचा सहा अधिक दोन असा. दोन्ही दिसायला सारखे असले तरी त्यांतील तारांची मांडणी वेगळी असते. तसेच सुट्या केबल असणाऱ्या एका एसएमपीएसच्या केबल दुसऱ्याला कधीही लावू नयेत. डब्याकडील टोकाला पिनांची रचना कोणती असावी, याचे समान प्रमाण नाही. केबल बसते आणि भाग जळतो.

साठवण, कूलर आणि कॅबिनेट

मोठे खेळ आज १०० जीबीहून अधिक जागा घेतात. म्हणून शक्य असल्यास १ टीबीची एसएसडी घ्यावी. मदरबोर्डवर बसणारी एम.२ पट्टी दोन प्रकारची असते : साटा आणि एनव्हीएमई. दोन्हींचा आकार बहुधा २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. परंतु सर्वच जागा दोन्ही प्रकार स्वीकारत नाहीत. काही बोर्डांवर एम.२ वापरली की एक-दोन साटा जोड बंद पडतात. जुनी हार्ड डिस्क लावायची असल्यास हे पुस्तिकेत पाहावे.

रायझन ५ ५६०० आणि आय५-१२४००एफ यांच्या खोक्यांत कूलर येतो. रायझन ७ ५७००एक्स मध्ये येत नाही. 'ट्रे' म्हणून विकला जाणारा प्रोसेसर खोके आणि कूलर यांविना येतो. त्याची वॉरंटी कोण देणार, हे लेखी घ्यावे. एलजीए १२०० साठीचा जुना कूलर एलजीए १७०० वर वेगळ्या पकडीविना बसत नाही.

कॅबिनेटच्या बाबतीत तीन मापे पुरतात. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स कमाल २४४ बाय २४४ चा आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० चा असतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, उलट होत नाही. याशिवाय कार्डाची कमाल लांबी आणि कूलरची कमाल उंची कॅबिनेटच्या माहितीपत्रकात दिलेली असते. ती आपल्या भागांच्या मापांशी ताडून पाहावी. पुढची बाजू सबंध काचेची असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळीची बाजू असलेले कॅबिनेट हवा खेळती ठेवते.

आपल्याकडची वीज आणि हवा

गोव्यात पावसाळा चार महिने ठाण मांडतो. गडगडाटासह पाऊस आला की वीज जाते-येते आणि दाबही खालीवर होतो. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या बोर्डावरच संगणक लावावा. जुन्या घरांत अर्थिंग खरोखर चालू आहे ना, हे वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे. काही मोठ्या एसएमपीएससोबत १६ अँपिअरचा जाड प्लग येतो; तो घरातील नेहमीच्या ६ अँपिअरच्या जागी बसत नाही, तेव्हा योग्य केबल आधीच मागून घ्यावी.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. गेमिंग संगणक आणि पडदा मिळून भर खेळात ३०० वॅटच्या आसपास जातात. म्हणून १००० व्हीएचा यूपीएस घेणे श्रेयस्कर. यूपीएस हा खेळ पुढे चालू ठेवण्यासाठी नसतो. काम जतन करून संगणक नीट बंद करण्यासाठी असतो. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत धातूचे जोड गंजतात. संगणक पावसाळाभर झाकून ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवावा आणि भिंतीला चिकटवून ठेवू नये. विजेच्या बिलाचा हिशोबही करून ठेवावा : ३०० वॅट रोज तीन तास म्हणजे ०.९ युनिट, महिन्याला सुमारे २७ युनिट.

एक जुळलेला संच

उदाहरण म्हणून एक यादी तपासून पाहू. रायझन ५ ५६००, बी५५० चा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, आरएक्स ६६००, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस. सॉकेट एएम४, जुळले. रॅम डीडीआर४, जुळली. बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसची चौथी आवृत्ती, कार्डाला पूर्ण वाट मिळाली. प्रोसेसर भर कामात सुमारे ७६ वॅट, कार्ड १३२ वॅट, बाकीचे सारे मिळून ५० ते ६० वॅट : बेरीज २७० च्या आत. कार्ड क्षणभर सरासरीपेक्षा अधिक वीज ओढते. तरीही ५५० वॅटमध्ये पुरेशी मोकळीक उरते आणि उद्या थोडे मोठे कार्ड बसवण्याची वाटही खुली राहते. आपल्या यादीतील एखादा भाग बदलला, तर त्याच्या आधीची आणि नंतरची अशा दोन्ही जोडण्या पुन्हा तपासाव्यात.

बिल करण्यापूर्वी

चतुर्थी-दिवाळीच्या सवलतींत 'हा भाग संपला, त्याच किमतीत दुसरा देतो' असे हमखास ऐकू येते. अशा वेळी पुढील गोष्टी जागेवरच पडताळून पाहाव्यात.

१. बदललेल्या भागाचे पूर्ण नाव काय? केवळ 'बी५५०' किंवा '३०५०' हे पूर्ण नाव नव्हे.

२. बोर्डातील बायोस या प्रोसेसरला ओळखतो का? विक्रेत्याने संगणक चालू करून दाखवावा.

३. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत का, आणि त्या पूर्ण वेगाने चालताना पडद्यावर दिसतात का?

४. एसएमपीएसच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर आहेत?

५. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचे नाव आणि अनुक्रमांक स्वतंत्र लिहिले आहेत का? 'संगणक संच, १ नग' एवढ्या नोंदीवर पुढे एकेका भागाची वॉरंटी मागणे कठीण जाते.

या पाच प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच यादीतील बदल स्वीकारावा. अन्यथा हवा तो भाग येईपर्यंत आठवडाभर थांबणे हेच कमी खर्चाचे ठरते.